तीन दिवसांची पुडी

चाळीसगावच्या पाटबंधारे कॉलनीत कुणाला शिंक येणार असेल, तर ती आधी रत्नप्रभाबाई खैरनारांच्या कानावर जाते आणि मग नाकातून बाहेर पडते, असं लोक गमतीनं म्हणत. त्यात गंमत थोडी आणि खरं जास्त होतं. बाईंचे यजमान वामनराव बत्तीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर तपासायचे, बोलायचे, मान हलवायचे. पण औषध यायचं ते कंपाउंडरच्या खिडकीतून. त्यामुळे गावाच्या दृष्टीनं बरं करणारा हात वामनरावांचा. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. खिडकी गेली, दवाखानाही गेला, पण तो हात आता रत्नप्रभाबाईंकडे आला होता.

पुडी बांधावी तर त्यांनीच. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा चौकोन, मध्ये अडीच गोळ्या, मग एक कोपरा दुसऱ्यात असा खोचायचा की पुडी पिशवीत दिवसभर हिंदकळली तरी उघडू नये. एक गोळी तापाची, एक पित्ताची, आणि अर्धी 'मोठी'. मोठी म्हणजे अँटिबायोटिक. हा शब्द बाईंना येत होता, पण मोठी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर निम्मा आजार तिथेच उतरल्यासारखा दिसे.

आणि त्यांचं म्हणून एक शास्त्र होतं. मोठी गोळी तीन दिवस. ताप उतरला की बंद. कारण शरीराला सवय लागते. दारूची लागते, तपकिरीची लागते, तशी गोळीचीही लागते, आणि एकदा लागली की गोळी लागू पडत नाही. म्हणून चटक लागायच्या आत थांबायचं, आणि पुढच्या खेपेला रंग बदलायचा. या वेळी पांढरी, तर पुढच्या वेळी गुलाबी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बत्तीस वर्षं नवऱ्याचं बोलणं ऐकून, त्यात स्वतःची अक्कल घालून त्यांनी ते बसवलं होतं. त्यात काटकसर होती, माया होती, आणि खोटं कशाला बोला, थोडा रुबाबही होता.

सहा वर्षांपूर्वी कायदा आला. त्याआधीची काही वर्षं वाईट गेली होती. बाळंतपणात, दाढ काढल्यावर, साध्या गळवानं माणसं जाऊ लागली होती. औषधं होती, पण लागू पडेनात. मग सरकारनं दुकानांतल्या मोठ्या गोळ्या बंद केल्या. आता दुकानात अंगठा लावायचा, रक्ताचा किंवा लघवीचा थेंब यंत्राला द्यायचा, आणि यंत्रानं होकार दिला तरच गोळी मिळायची, तीही मोजून. होकार यायला कधी सहा तास, कधी दीड दिवस. एवढा धीर कॉलनीला नव्हता. घराघरांत आधीच्या उरल्यासुरल्या पट्ट्या होत्या, परगावचे नातेवाईक होते. सगळं रत्नप्रभाबाईंकडे जमा व्हायला लागलं. पट्टीवर नाव असतं आणि नाव हा पुरावा असतो, म्हणून बाई गोळ्या सोलून काढत, पट्टीची चांदी चुलाण्यात टाकत, आणि गोळ्या रंगाप्रमाणे काचेच्या बरण्यांत भरत. पाच बरण्या. लोणच्याच्या फडताळात, लोणच्याच्या मागे.

जुलैत बेबीताई अहिरराव आल्या होत्या. समोरच्याच ओळीतल्या. आल्या त्या पदराखाली हात घेऊन.

"भाच्यानं सुरतेहून पाठवल्यात," त्या म्हणाल्या. "सातातल्या दोन ह्यांनी खाल्ल्या, खोकला थांबला. पाच आहेत."

रत्नप्रभाबाईंनी पट्टी उजेडात धरली. पिवळसर गोळी, मधोमध रेघ.

"कडू आहे का?"

"मला काय विचारतेस? खाल्ली त्यांनी. त्यांना कारलं गोड लागतं."

"आणि भाऊजींचा गुडघा?"

"यादीत नाव लागलंय. होईल दिवाळीनंतर." बेबीताईंनी आवाज उतरवला. "तोवर ह्यांना काही झालं तर तुझ्याकडेच यायचं बाई. दुकानात अंगठा लावला की कागद खराब."

कागद म्हणजे स्वच्छतेचा कागद. ज्यानं दोन वर्षांत एकही मोठी गोळी घेतली नाही, त्याचा कागद स्वच्छ. त्याला ऑपरेशनची तारीख लवकर मिळे. त्यामुळे झालं असं, की दुकानातून उघडपणे घेतलेली गोळी मोजली जाई आणि रत्नप्रभाबाईंच्या पुडीतली मोजली जात नसे. सगळी कॉलनी कागदावर अगदी धुतल्या तांदळासारखी होती.

केतकी ही रत्नप्रभाबाईंची सून. गावाबाहेरच्या शाळेत शिक्षिका. मुलगा हर्षल सौरपट्ट्यांची देखभाल करायचा. आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. त्यामुळे घरात दोघीच, आणि दोघींचं चांगलं जमायचं. केतकी बोलायला तिखट, पण सासूच्या पुडीवर तिचा शाळेतल्या मुलाइतका विश्वास.

शाळेत मोठ्या पडद्याचे तीन वर्ग होते आणि शिक्षिकांच्या संडासाला कडी नव्हती. पाणीही अधूनमधूनच. म्हणून केतकी सकाळी सातपासून दुपारी अडीचपर्यंत घोटभर पाण्यावर राहायची. त्याचं जे व्हायचं ते झालं. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं. पहिल्यांदा तिनं सांगितलं ते कोथिंबीर निवडताना, मान वर न करता.

"डॉक्टरकडे जा की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या होत्या, आणि जाऊ नये असं त्यांना मनातून वाटत होतं.

"इथल्या डॉक्टरांचा मुलगा माझ्या वर्गात आहे, आई. सकाळी त्याला मी पाढे म्हणायला लावायचे, आणि संध्याकाळी त्याच्या बापाला हे सांगायचं? तुमची पुडी द्या."

पुडी दिली. दोन दिवसांत बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी बंद. चौदा महिन्यांत पाच वेळा. दर वेळी वेगळा रंग, दर वेळी उतार. दुखणं सारखं परत येत होतं, हे रत्नप्रभाबाईंच्या लक्षात आलं नाही असं नाही. त्यांनी ते पाणी कमी पिण्यावर ढकललं आणि केतकीच्या डब्याबरोबर दोन बाटल्या द्यायला सुरुवात केली. एक भरलेलीच परत यायची.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी केतकी शाळेतून आली ती थडथडत. तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. दुपारचे तीन वाजलेले, बाहेर ऊन. तिच्या कमरेला हात लावला तर ती कळवळली. रत्नप्रभाबाईंनी फडताळ उघडलं, बरण्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा फडताळ तसंच मिटलं. हर्षलला फोन केला. संध्याकाळी साडेसहाला केतकी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात होती. जंतू मूत्रपिंडातून रक्तात उतरले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, तबस्सुम पिंजारी. मूळच्या पाचोऱ्याच्या. चालता चालता बोलायच्या आणि बोलता बोलता समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या.

"देशात दोन औषधं अजून शाबूत आहेत," त्या हर्षलला म्हणाल्या. "राखीव म्हणतात ती. ह्यांना त्यातलं एक देता येईल. पण एकच अट. दोन वर्षांत दुसरं कुठलंही अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. राखीवची रचना काही जुन्या औषधांसारखी आहे. जंतूला ती ओळखीची झाली असेल तर राखीव वाया जातं. आणि नुसतं वाया जात नाही, त्या जंतूला राखीवसुद्धा कळून चुकतं. मग तो पुढे ज्याच्या अंगात जाईल त्यालाही ते चालत नाही. सरकारी नोंद तर स्वच्छ आहे. पेशंटला आम्ही विचारलंय, त्या नाही म्हणाल्या. घरात कायम सोबत असणाऱ्या एका मोठ्या माणसाची तशी सही लागेल."

त्या गेल्या. रत्नप्रभाबाईंच्या मनात एकच गोष्ट अडकली होती. केतकी नाही म्हणाली. एवढ्या तापात, धड शुद्ध नसताना, तिनं सासूवर पांघरूण घातलं होतं. विनापरवाना औषध देणाऱ्याला तीन वर्षांची कैद होती आणि ते केतकीला ठाऊक होतं. तिनेच तर शाळेत मुलांना तो कायदा शिकवला होता.

"आई, सही कर," हर्षल म्हणाला.

"अरे पण पुड्या."

"पुडीचं नाव काढू नकोस. सगळ्यात मोठं औषध मिळतंय. माहितीये लोक ह्याच्यासाठी काय काय करतात? तू तोंड उघडलंस तर हिला ते देणार नाहीत, आणि तुला घेऊन जातील ते वेगळंच. अर्धी अर्धी गोळी ती. अर्ध्या गोळीनं काय होतंय?"

अर्ध्या गोळीनं काय होतंय, हे वाक्य रत्नप्रभाबाईंनी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं. आणि मोठं म्हणजे चांगलं, सगळ्यात मोठं म्हणजे सगळ्यात चांगलं, हे तर त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यांनी सही केली. अक्षर वळणदार होतं. वामनरावांच्या चिठ्ठ्या लिहून लिहून झालेलं.

राखीव सुरू झालं. बुधवार गेला. ताप तसाच. गुरुवारी सकाळी केतकीचा रक्तदाब घसरला आणि ती हर्षलला तिच्या शाळेतल्या शिपायाच्या नावानं हाक मारू लागली.

दहाच्या सुमाराला डॉक्टर पिंजारी बाहेर आल्या आणि बाकावर रत्नप्रभाबाईंच्या शेजारी बसल्या. हर्षल रक्ताच्या पिशवीसाठी खाली गेला होता.

"मावशी, आमच्याकडे क्रमवेध नावाचं यंत्र आहे. जंतूचं सगळं बाड उलगडून वाचतं. ते म्हणतंय, ह्या जंतूला पाच औषधं तोंडपाठ आहेत. तुमची सून म्हणते एकही घेतलं नाही. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय, आणि यंत्राला सासू नाही."

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "शरीराला सवय झाली असेल."

"शरीराला नाही, मावशी. सवय जंतूला होते. सगळे तिथेच चुकतात." त्यांनी हातातला टॅब मांडीवर उलटा ठेवला. "समजा, पोटात लाख जंतू आहेत. गोळी घेतली की पहिल्या दोन दिवसांत लेचेपेचे मरतात. माणसाला बरं वाटतं. पण थोडे चिवट असतात, त्यांना मारायला सात दिवस लागतात. तुम्ही तिसऱ्या दिवशी थांबलात, तर मागं राहतात ते फक्त चिवट. त्यांचीच पोरंबाळं होतात. मग पुढच्या वेळी दुसरी गोळी, पुन्हा तीन दिवस. आता जे उरतात त्यांना दोन औषधं येतात. असं पाच वेळा. कुणीतरी त्यांची शाळाच चालवलीय. अर्धी मात्रा, अर्धे दिवस, दर वेळी नवा धडा. जंतूंना मुद्दाम शिकवायचं ठरवलं असतं तरी ह्याहून बरं शिकवता आलं नसतं."

त्या हे रागावून म्हणाल्या असत्या तर रत्नप्रभाबाईंना उत्तर देता आलं असतं. पण त्या थकलेल्या होत्या आणि सरळ सांगत होत्या. बत्तीस वर्षं आणि अकरा वर्षं बाईंच्या डोळ्यांपुढून गेली. बंडू शिंपी, ज्याचा खोकला दर पावसाळ्यात परत यायचा. घोरपड्यांची नात, जी साध्या कानदुखीनं गेली. देवाची इच्छा म्हणून त्या स्वतः तिच्या बाराव्याला जेवून आल्या होत्या.

"पुड्या मी दिल्या," त्या म्हणाल्या. "तिनं नाही म्हटलं ते माझ्यासाठी. आणि सही माझी आहे."

डॉक्टरांनी एक क्षण डोळे मिटले. मग टॅब सरळ केला.

"आता नीट ऐका. जंतू एक औषध शिकतो तेव्हा त्याला त्याची किंमत मोजावी लागते. एक दार पक्कं बंद केलं की दुसरीकडे एखादी खिडकी किलकिली होते. म्हणजे दुसरं एखादं औषध, कदाचित जुनं, विसरलेलं, त्याच्यावर एरवीपेक्षा जास्त चालतं. यंत्र ती खिडकी शोधून देतं. पण कुलपं कुठल्या क्रमानं बसली त्यावर खिडकी कुठली ते ठरतं. कुलपं यंत्राला दिसतात, क्रम दिसत नाही. आणि ह्या पाचातली दोन कुलपं अशी आहेत की ती वेगवेगळ्या गोळ्यांनी बसू शकतात. तो क्रम मला तुम्ही सांगायचा. कुठली गोळी, कधी."

"नावं मला ठाऊक नाहीत."

"म्हणजे?"

"रंग ठाऊक आहेत."

डॉक्टर पिंजारींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ती नजर रत्नप्रभाबाई पुढे कधी विसरल्या नाहीत. मग त्यांनी पडद्यावर गोळ्यांची चित्रं आणली, शेकड्यानं. आणि आश्चर्य म्हणजे बाई ओळखू लागल्या. पहिली गेल्या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हाची, पांढरी, लांबट, एका टोकाला खडबडीत. दुसरी दिवाळीची, गुलाबी. "हिला ओल्या खडूसारखा वास यायचा." तिसरी गॅदरिंगच्या आठवड्यातली, चौथी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, केतकी माहेरी झोका खेळायला न जाता पोट धरून निजली होती, म्हणून ती तारीख पक्की. डॉक्टर एकेक नाव यंत्राला सांगत गेल्या. चार जुळली. पाचवी, ऑगस्टमधली, पिवळसर, मधोमध रेघ. पडद्यावर तसल्या सव्वीस होत्या.

"ही कुणाकडून आली?"

"समोरच्या बेबीताईंकडून. सुरतेची."

"विचारा त्यांना. फोन लावा."

फोन लावला. बेबीताईंनी उचलला आणि 'गोळी' हा शब्द ऐकल्याबरोबर, "ऐकू येत नाहीये ताई," म्हणून ठेवला. फोनवर असलं कुणी बोलत नसे.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यापुढे मी थांबू शकणार नाही."

हर्षलनं गाडी काढली. रस्ता दोन तासांचा. मनमाड मागे पडल्यावर फक्त एकदा म्हणाला, "मीच म्हटलं होतं, सही कर." रत्नप्रभाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही आणि धरलाही नाही.

कॉलनीत बातमी आधीच पोचली होती. गाडी थांबली तसं दोन ओसऱ्यांवरच्या बायका आत गेल्या. बेबीताईंच्या दाराला जाळी होती. त्या जाळीआड येऊन उभ्या राहिल्या, कडी न काढता.

"बेबी, ती पिवळी गोळी. तुझ्या भाच्यानं पाठवलेली. नाव सांग फक्त."

"कोणती गोळी?"

"जुलैतली. रेघ असलेली. केतकीला दिलीय मी ती. नाव कळलं तर औषध सापडेल."

"मी तुझ्याकडे गोळी आणली? कधी?" बेबीताईंचा चेहरा धुतल्यासारखा कोरा होता. "तुझा गैरसमज होतोय, ताई. तुझ्याकडे तर सगळेच देतात. दुसऱ्या कुणाची असेल."

"भाच्याचा नंबर दे. मी बोलते. तुझं नाव घेत नाही."

"त्याचा फोन हरवलाय."

आत, खुर्चीत, अहिरराव भाऊजी दुखरा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि त्याचा आवाज बंद होता. ते पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

हर्षल पुढे झाला. "मावशी, माझी बायको मरतेय. तुम्हाला कळतंय का? मी पोलिसांना घेऊन येईन."

"आण की," बेबीताई म्हणाल्या. आवाज मात्र कापला. "घर धुंडाळा. काही सापडणार नाही."

सापडणार नव्हतंच. पट्टीची चांदी रत्नप्रभाबाईंनी स्वतःच्या हातानं चुलाण्यात घातली होती. त्यांनी हर्षलचा दंड धरला. बेबीताईंना चार शब्द सुनवावेत असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. चाळीस वर्षांचा शेजार, हिच्या दोन बाळंतपणांत आपण उशाशी बसलो. पण जाळीआडचा तो कोरा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. मंगळवारी सही करताना आपलाही असाच असणार.

"दिवाळीनंतर भाऊजींच्या गुडघ्याचं नीट होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि खरंच तसं म्हणायचं होतं त्यांना. मग त्या आणखी तीन दारांवर गेल्या, बेबीनं कुणाला ती पट्टी दाखवली होती का म्हणून. एका घरात माणसं होती आणि दार वाजवल्यावर मिक्सर सुरू झाला. दुसऱ्या घरातली सून रडली, पण बोलली नाही. तिसऱ्या घरातून म्हातारे जाधव गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, "रत्नप्रभा, मी सांगितलं असतं गं. पण मला तू काय काय दिलंस तेच मला ठाऊक नाही."

चारला दहा कमी असताना दोघं रुग्णालयात परत पोचली.

डॉक्टर पिंजारींनी ऐकून घेतलं. "दोन खिडक्या दिसतायत," त्या म्हणाल्या. "ती पिवळी एका जातीची असेल, तर एक साधं, सौम्य औषध आहे. त्यानं त्या उठून बसतील, काही मागं राहणार नाही. पण ती दुसऱ्या जातीची असेल, तर त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही, आणि ते कळायला एक दिवस जाईल. तो दिवस आपल्याकडे नाही. दुसरी खिडकी दोन्ही बाबतीत उघडी आहे. एक जुनं इंजेक्शन आहे. तुमच्या लहानपणीच्या काळातलं. ते चालेल. पण ते कानांच्या आतल्या बारीक पेशी मारतं, मूत्रपिंडालाही धक्का देतं. त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलीयत, म्हणजे औषध अंगात जास्त वेळ राहणार. ऐकू येणं जाईल अशीच शक्यता जास्त. गेलं तर परत येत नाही."

"यंत्रं असतात ना कानाची," हर्षल म्हणाला.

"नस शाबूत असली तर. बघू पुढे. मी आत्ता आशा लावत नाही."

हर्षलनं आईकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा, आता आई काय ते करेल म्हणून. रत्नप्रभाबाईंनी मान खाली घातली.

"ती शिकवते," हर्षल डॉक्टरांना म्हणाला. "वर्गात पाठमोरी असली तरी कोण बोललं ते ओळखते." मग त्यानं कागद ओढून घेतला आणि सही केली.

इंजेक्शन सुरू झालं. शुक्रवारी ताप एका अंशानं उतरला. शनिवारी रक्तदाब सावरला. त्याच दिवशी आरोग्य खात्याचे एक निरीक्षक आले, सभ्य, चष्मेवाले. त्यांनी रत्नप्रभाबाईंचा जबाब घेतला. चौदा महिने, पाच पुड्या, खोटी सही. दुसऱ्या कुणाचं नाव सांगता का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"नावं नकोत," बाई म्हणाल्या. "पण कॉलनीतल्या प्रत्येकाच्या पोटातले जंतू तपासा. सगळ्यांच्या. कागद स्वच्छ असला तरी."

निरीक्षकांनी ते लिहून घेतलं. जाताना म्हणाले की बरण्या जप्त झाल्या आहेत, आणि खटला उभा राहायला सहाएक महिने लागतील. केतकीच्या जंतूला नोंदवहीत एक नंबर मिळाला होता. राखीव औषध पाहून जिवंत राहिलेला, जिल्ह्यातला पहिला.

सोमवारी सकाळी केतकीनं डोळे उघडले आणि ते उघडेच राहिले. हर्षल नर्सला बोलवायला धावला. खोलीत रत्नप्रभाबाई एकट्या. खिडकीतून स्वच्छ ऊन पलंगावर पडलं होतं. केतकीचा चेहरा मूठभर झाला होता, ओठांना भेगा होत्या. पण नजर तिची होती, वर्गातली.

रत्नप्रभाबाईंनी चार दिवस मनात घोकून ठेवलं होतं. नर्स यायच्या आत सांगून टाकायचं, नाहीतर धीर होणार नाही. त्या पुढे वाकल्या आणि बोलायला लागल्या. पुड्यांत काय होतं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. सवय शरीराला लागते असं त्या आयुष्यभर सांगत आल्या, ते चूक होतं. मंगळवारीच खरं सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. पट्ट्यांवरची नावं जाळली नसती तर कदाचित साधं औषध चाललं असतं. हे सगळं मी केलंय, केतकी. बेबीनं नाही, कायद्यानं नाही, मी. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, तरी त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. काही राखलं नाही.

केतकी त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग तिनं हात उचलून आपल्या कानावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. कपाळाला आठी पडली.

"आई," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की दारातून जाणारा वॉर्डबॉय थबकला. "मोठ्यानं बोला ना. तुम्ही नुसते ओठ का हलवताय?"

रत्नप्रभाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. उशाजवळ तापाचा तक्ता होता, त्याला दोरीनं पेन बांधलेलं. त्यांनी तक्ता उलटा केला. मागची बाजू कोरी होती. बोललेलं सगळं हवेत विरून गेलं होतं. कुणीच ऐकलं नव्हतं. आता वाटलं तर नुसतं 'बरी हो' एवढंच लिहिता आलं असतं. हर्षल यायला अजून दोन मिनिटं होती.

त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत लिहिलं, तुझे कान माझ्यामुळे गेले. मग पुड्या. मग सही. मग त्या न ओळखता आलेल्या गोळीबद्दल. अक्षर वळणदार आलं नाही. पान संपलं तिथं त्यांनी उरलेलं कडेनं, उभं लिहिलं, आणि तक्ता केतकीच्या हातात दिला.

केतकीनं वाचलं. शिक्षिका होती, वाचताना बोट ओळीवरून सरकत होतं. पहिल्या ओळीवर ते थांबलं, बराच वेळ. मग पुढे गेलं. कडेचं वाचायला तिनं तक्ता आडवा फिरवला. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो पांघरुणावर पालथा ठेवला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"केतकी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. सवयीनं. ती पाठ हलली नाही. तिला हाक मारून वळवता येणार नव्हतं. आता तिच्याशी काही बोलायचं, काही मागायचं, तिच्याकडून काही ऐकून घ्यायचं, तर तिला दिसेल असं समोर जाऊन उभं राहावं लागणार होतं, दर वेळी, उरलेला सगळा जन्म.

पलंग आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती, त्यात सलाइनचा स्टँड. रत्नप्रभाबाईंनी स्टँड जरा बाजूला सरकवला, पदर आवळून घेतला, आणि अंग चोरत त्या अडचणीत शिरून केतकीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.